स्मार्टघड्याळातील आरोग्यनोंदींची स्प्रेडशीटमध्ये निर्यात

स्मार्टघड्याळातील आरोग्यनोंदींची निर्यात म्हणजे मनगटावरील घड्याळाने जमा केलेल्या पावले, हृदयगती, झोप, व्यायाम इत्यादींच्या नोंदी उत्पादक कंपनीच्या अ‍ॅपमधून बाहेर काढून फाइलच्या रूपात स्वतःकडे घेणे. अशी फाइल मायक्रोसॉफ्ट एक्सेल, गूगल शीट्स किंवा लिबरऑफिस कॅल्क यांसारख्या स्प्रेडशीटमध्ये उघडली असता प्रत्येक नोंद एका ओळीत येते आणि दिनांक, वेळ, मूल्य, एकक, स्रोत असे तिचे घटक स्वतंत्र स्तंभांत मांडता येतात. घड्याळ किंवा फोन बदलल्यावर जुन्या नोंदी जपणे, अनेक महिन्यांतील बदल पाहणे आणि डॉक्टरांना संक्षिप्त गोषवारा दाखवणे, हे या निर्यातीचे प्रमुख उपयोग आहेत.

निर्यात केलेला आकडा स्वतःपुरता अपुरा असतो. तो कोणत्या वेळेचा, कोणत्या एककातील, कोणत्या उपकरणाने टिपलेला आणि कोणत्या परिस्थितीतील आहे, ही माहिती त्याच्यासोबत तक्त्यात आली नाही, तर अचूक दिसणारा तक्ताही चुकीच्या निष्कर्षाकडे नेऊ शकतो.

नोंदी कशा तयार होतात

घड्याळातील त्वरणमापक हाताच्या हालचाली टिपतो. हालचालींच्या विशिष्ट लयीवरून पावलांची संख्या ठरवली जाते. हृदयगती मोजण्यासाठी घड्याळाच्या पाठीमागील दिवे त्वचेवर प्रकाश टाकतात. हा प्रकाश सामान्यतः हिरवा असतो. प्रत्येक ठोक्यासोबत त्वचेखालील रक्ताचे प्रमाण कमीअधिक होते, त्यानुसार परत येणारा प्रकाशही बदलतो. या बदलांवरून मिनिटाला किती ठोके पडतात याचा हिशोब होतो. झोपेची नोंद ही हालचाल आणि हृदयगती यांवरून काढलेला अंदाज असतो. तिच्यात मेंदूतील विद्युत्‌लहरींचे मापन नसते.

म्हणजे निर्यात केलेल्या फाइलमधील बरेचसे आकडे ही थेट मोजमापे नसून कंपनीच्या सूत्रांनी काढलेले अंदाज असतात. पट्टा सैल असणे, हात जोराने हलणे किंवा मनगटावर गोंदण असणे यांमुळे हृदयगतीचा आकडा बिघडू शकतो. कंपनीने सूत्र बदलले, तर प्रकृतीत काही फरक न पडताही आकड्यांची पातळी बदलू शकते. म्हणून घड्याळ बदलल्याचा किंवा अ‍ॅप अद्ययावत केल्याचा दिनांक तक्त्यात टिपून ठेवणे उपयुक्त ठरते.

प्रमुख प्रणालींतील निर्यात

निर्यातीची सोय प्रत्येक कंपनीत वेगळी असते आणि अ‍ॅपच्या नव्या आवृत्तीत तिची जागा बदलू शकते. सर्वसाधारण पद्धत पुढीलप्रमाणे आहे.

अ‍ॅपल हेल्थ : हे अ‍ॅप २०१४ मध्ये आयफोनवर आले आणि अ‍ॅपलचे घड्याळ २०१५ मध्ये विक्रीस आले. अ‍ॅपमधील वापरकर्त्याच्या चित्रावर टिचकी मारल्यावर सर्व आरोग्यविदा निर्यात करण्याचा पर्याय मिळतो. त्यातून एक संकुचित झिप फाइल तयार होते. तिच्यातील मुख्य फाइल एक्सएमएल स्वरूपाची असून प्रत्येक नोंदीत प्रकार, स्रोताचे नाव, एकक, आरंभवेळ, अंतवेळ आणि मूल्य हे घटक असतात. व्यायामाचे मार्ग वेगळ्या फोल्डरमध्ये असतात. अनेक वर्षांच्या वापरानंतर ही फाइल फार मोठी होते आणि साध्या स्प्रेडशीटमध्ये सहज उघडत नाही.

सॅमसंग हेल्थ : अ‍ॅपच्या सेटिंग्जमध्ये वैयक्तिक माहिती डाउनलोड करण्याचा पर्याय असतो. पावले, हृदयगती, झोप इत्यादींच्या वेगवेगळ्या सीएसव्ही फाइली मिळतात. सीएसव्ही म्हणजे ज्या साध्या मजकूर-फाइलमध्ये स्तंभ स्वल्पविरामांनी वेगळे केलेले असतात ती फाइल. सॅमसंगच्या फाइलीत पहिली ओळ फाइलच्या वर्णनाची असते व स्तंभांची नावे त्यानंतर येतात. त्यामुळे शीर्षक कोणत्या ओळीपासून सुरू होते हे आयात करताना तपासावे लागते.

फिटबिट : २०२१ च्या जानेवारीत ही कंपनी गूगलच्या मालकीची झाली. तिच्या नोंदी गूगल टेकआउट या सेवेतून मागवता येतात. फाइलींपैकी काही सीएसव्ही, तर काही जेसन या स्वरूपात असतात.

गार्मिन कनेक्ट : संकेतस्थळावरील व्यायामांची यादी थेट सीएसव्ही स्वरूपात घेता येते. खात्यातील संपूर्ण माहिती हवी असल्यास मागणी नोंदवावी लागते आणि डाउनलोडचा दुवा ईमेलने येतो.

हेल्थ कनेक्ट : अँड्रॉइड १४ पासून फोनच्या प्रणालीतच समाविष्ट झालेले हे सामायिक कोठार आहे. निरनिराळी अ‍ॅप वापरकर्त्याच्या परवानगीने त्यात नोंदी ठेवतात व त्यातून घेतात. ज्या घड्याळाच्या स्वतःच्या अ‍ॅपमध्ये निर्यातीची सोय नाही, पण हेल्थ कनेक्टशी जोडणी आहे, त्याच्या नोंदी या मार्गाने दुसऱ्या अ‍ॅपपर्यंत पोहोचू शकतात.

कमी किमतीच्या काही घड्याळांच्या अ‍ॅपमध्ये केवळ आलेख दिसतात. फाइल मिळत नाही. अशा वेळी आठवड्याची सरासरी किंवा रोजची पावले हाताने तक्त्यात लिहिणे हा उरलेला मार्ग असतो. नोंदी थोड्या आणि नियमित असतील, तर हा मार्गही पुरेसा आहे.

आयातीतील नेहमीच्या चुका

वेळेचा फरक

अनेक फाइलींत वेळ भारतीय प्रमाणवेळेत नसून जागतिक समन्वित वेळेत असते. भारतीय प्रमाणवेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. त्यामुळे भारतात पहाटे साडेपाचपूर्वी घडलेली प्रत्येक गोष्ट अशा फाइलीत आदल्या दिवसाच्या दिनांकाखाली दिसते.

पुणे जिल्ह्यातील राहू हे दौंड तालुक्यातील गाव मुळा-मुठा आणि भीमा या नद्यांमधील, ‘राहू बेट’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या बागायती ऊसपट्ट्यात आहे. अशा गावात दूधधंदा असणाऱ्या घरातील दिवस पहाटे साडेचारला सुरू होतो. समजा, अशा घरातील एका व्यक्तीने मंगळवारी पहाटे ४:३० ते ५:३० या वेळात गोठ्यातील कामे करताना ३,००० पावले टाकली. जागतिक वेळेनुसार ही नोंद सोमवारी रात्री ११:०० ते १२:०० अशी दिसेल. दुरुस्ती न करता रोजची बेरीज केली, तर मंगळवारचे श्रम सोमवारच्या खात्यात जातील. शिवाय ही व्यक्ती मध्यरात्रीपर्यंत जागी असते, असा चुकीचा समज तक्ता पाहणाऱ्याचा होऊ शकेल. शहरात उशिरा उठणाऱ्या व्यक्तीच्या तक्त्यात हीच चूक सहसा लक्षात येत नाही.

दुरुस्तीसाठी वेळेच्या स्तंभाशेजारी नवा स्तंभ घेऊन मूळ वेळेत ५ तास ३० मिनिटे मिळवतात. स्प्रेडशीट एक दिवस म्हणजे १ असे मानते, म्हणून ५.५ भागिले २४ ही संख्या मिळवावी लागते. काही फाइलींत वेळ तेरा अंकी संख्येच्या रूपात असते. ती १ जानेवारी १९७० पासून उलटलेल्या मिलिसेकंदांची संख्या होय. तिला एका दिवसातील मिलिसेकंदांनी, म्हणजे ८,६४,००,००० ने भागून त्यात १ जानेवारी १९७० हा दिनांक आणि वरील साडेपाच तास मिळवले, की भारतीय वेळ मिळते. नोंदीतच ‘अधिक ०५३०’ असे लिहिलेले असेल, तर ती वेळ स्थानिक आहे की तो केवळ फरक दिला आहे, हे एखाद्या आठवणीतल्या प्रसंगावरून पडताळून पाहतात.

दिनांकाची मांडणी

०३/०४/२०२५ हा दिनांक भारतात ३ एप्रिल असा वाचला जातो. अमेरिकी पद्धतीने तो ४ मार्च होतो. स्प्रेडशीटची प्रादेशिक मांडणी फाइलीपेक्षा वेगळी असेल, तर १२ पर्यंतचे दिवस निमूटपणे चुकीच्या महिन्यात जातात आणि १३ पासूनचे दिवस दिनांक न मानता केवळ मजकूर म्हणून राहतात. वर्ष, महिना, दिवस या क्रमाने लिहिण्याची आयएसओ ८६०१ ही आंतरराष्ट्रीय पद्धत ही संदिग्धता टाळते.

दुहेरी मोजणी

खिशातला फोन आणि मनगटावरचे घड्याळ दोन्हीही पावले मोजतात. अ‍ॅप स्वतःच्या पडद्यावर दाखवताना एकाच वेळच्या दोन नोंदींपैकी एक निवडते. अ‍ॅपल हेल्थच्या निर्यातीत मात्र दोन्ही स्रोतांच्या नोंदी येतात. सरसकट बेरीज केल्यास पावले प्रत्यक्षापेक्षा पुष्कळ जास्त भरतात. स्रोताच्या स्तंभावर गाळणी लावून एकच उपकरण निवडणे हा यावरचा सोपा उपाय आहे.

शून्य आणि रिकामी जागा

घड्याळ चार्जिंगला लावलेले असताना हृदयगतीची नोंद नसते. तेथे शून्य भरले गेले, तर सरासरी बिघडते. ७२, ७४, ७० आणि ० या चार आकड्यांची सरासरी ५४ येते. शून्य वगळले तर ती ७२ येते. पहिला आकडा डॉक्टरांना विनाकारण चिंतेत टाकू शकतो. न मोजलेली किंमत रिकामी ठेवावी, कारण ‘मोजले आणि शून्य आले’ आणि ‘मोजलेच नाही’ या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पावलांच्या बाबतीत हा भेद अधिक अवघड असतो. शून्य पावलांचा दिवस आजारपणाचा असू शकतो किंवा घड्याळ कपाटात राहिल्याचाही असू शकतो. त्यासाठी दिवसातून किती तास घड्याळ हातात होते याचा वेगळा स्तंभ ठेवतात.

झोपेचे तास

७ तास ३० मिनिटे हा काळ दशांश पद्धतीने ७.५ होतो; ७.३० नव्हे. ७.३० असे लिहून सरासरी काढल्यास प्रत्येक रात्रीची १२ मिनिटे नाहीशी होतात. झोप दोन दिनांकांत विभागलेली असल्याने ती कोणत्या दिवसाची मानायची हे आधी ठरवावे लागते. सामान्यतः जाग येण्याचा दिनांक धरतात.

ओळींची मर्यादा

एक्सेलच्या एका पानावर १०,४८,५७६ ओळी मावतात. दर पाच मिनिटांनी एक नोंद असेल, तर दिवसाला २८८ आणि वर्षाला १,०५,१२० ओळी होतात. दर मिनिटाच्या नोंदींनी पान दोन वर्षांच्या आतच भरते आणि दर सेकंदाच्या नोंदींनी सुमारे बारा दिवसांत. मर्यादेपलीकडील ओळी त्या पानावर येत नाहीत. म्हणून आयातीनंतर शेवटच्या ओळीचा दिनांक अपेक्षेप्रमाणे आहे ना, हे पाहणे आवश्यक असते.

देवनागरी मजकूर

तक्त्यात मराठी टिपणे असतील आणि सीएसव्ही फाइल थेट उघडली, तर अक्षरांच्या जागी निरर्थक चिन्हे दिसू शकतात. अशी फाइल आयातीच्या पर्यायातून, यूटीएफ-८ ही संकेतपद्धती निवडून उघडल्यास मजकूर नीट दिसतो.

तक्ता मांडण्याची पद्धत

मूळ फाइल न बदलता जशीच्या तशी जपून ठेवावी आणि काम तिच्या प्रतीवर करावे, हा पहिला नियम मानला जातो. कामाच्या तक्त्यात साधारणपणे तीन पाने असतात. पहिल्यावर मूळ नोंदी, दुसऱ्यावर रोजचा गोषवारा आणि तिसऱ्यावर खुलासे. रोजच्या गोषवाऱ्यात दिनांक, एकूण पावले, विश्रांतीच्या वेळची हृदयगती, झोपेचे तास आणि घड्याळ हातात असल्याचे तास एवढे स्तंभ पुरतात. मूळ नोंदींवरून असा गोषवारा पिव्होट टेबल या सोयीने तयार होतो. एका दिवसाच्या चढउताराला फारसा अर्थ नसल्याने सात दिवसांची सरकती सरासरी काढतात.

खुलाशाच्या पानावर ताप, प्रवास, उपवास, नवे औषध, घड्याळ बदलल्याचा दिवस अशा गोष्टी दिनांकासह लिहितात. घड्याळाला कळू न शकणारा संदर्भ याच पानावर येतो. शेवटी ताळा पाहावा लागतो : कोणतेही दोन-तीन दिवस निवडून तक्त्यातील बेरीज अ‍ॅपमध्ये दिसणाऱ्या आकड्याशी जुळते का, हे तपासतात. ताळा जुळत नसेल, तर वेळेचा फरक आणि दुहेरी मोजणी ही दोन कारणे प्रथम शोधावीत.

आकड्यांचा अर्थ आणि पुणे जिल्ह्यातील उदाहरणे

आरोग्याच्या आकड्यांना संदर्भाची किती गरज असते, हे स्मार्टघड्याळे येण्यापूर्वीच्या संशोधनातूनही दिसते. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील मधुमेहतज्ज्ञ चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटिश संशोधक जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. उंची व वजन यांवरून काढला जाणारा शरीरभार निर्देशांक दोघांचाही २२.३ होता. प्रत्यक्ष मोजणीत मात्र युडकिन यांच्या शरीरातील चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के आढळली. आकडा तोच, शरीरे निराळी. घड्याळाचे अ‍ॅप वजन आणि उंची विचारून जो निर्देशांक दाखवते, त्यालाही हीच मर्यादा लागू होते.

दुसरे उदाहरण शिरूर तालुक्यातील वढू बुद्रुक येथील आहे. केईएम रुग्णालय संशोधन केंद्रातर्फे तेथे २००२ पासून आरोग्य व लोकसंख्याविषयक पाहणी चालते. शिरूर आणि हवेली तालुक्यांतील २२ गावांमधील कुटुंबांच्या जन्म, मृत्यू, स्थलांतर इत्यादी नोंदी ठरावीक काळाने घरोघरी जाऊन अद्ययावत केल्या जातात. प्रत्येक व्यक्तीला स्वतंत्र ओळखक्रमांक असतो. अशा पाहणीत वर्षानुवर्षांच्या नोंदींची तुलना करता येते, ती व्याख्या, कालावधी आणि ओळख स्थिर ठेवल्यामुळे. वैयक्तिक तक्त्यालाही, लहान प्रमाणावर, हीच शिस्त लागते.

पावलांच्या संख्येलाही संदर्भ हवा. रोज १०,००० पावलांचे लक्ष्य १९६५ च्या सुमारास जपानमध्ये विकल्या गेलेल्या ‘मानपो-केई’ या पावलेमापकाच्या नावातून रूढ झाले; त्या नावाचा अर्थच दहा हजार पावलांचा मापक असा आहे. हा आकडा वैद्यकीय संशोधनातून निश्चित झालेला नव्हता. ऊसतोडणी करणारी व्यक्ती वाकून एका जागी बराच वेळ कोयता चालवते आणि नंतर डोक्यावर मोळ्या वाहते. तिची पावले कमी भरली तरी श्रम मोठे असतात, आणि ते हृदयगतीच्या स्तंभात अधिक स्पष्ट दिसतात. उलट, खडबडीत रस्त्यावर वाहनाच्या हादऱ्यांनी न टाकलेली पावलेही मोजली जाऊ शकतात. त्यामुळे पावलांच्या एका स्तंभावरून कष्टकरी माणसाला आळशी किंवा बसून काम करणाऱ्याला कष्टाळू ठरवणे अयोग्य होय.

वैद्यकीय मर्यादा

प्रौढ व्यक्तीची विश्रांतीच्या वेळची हृदयगती सामान्यतः मिनिटाला ६० ते १०० ठोके असते. नियमित व्यायाम करणाऱ्यांमध्ये ती कमी असू शकते. तक्त्यात या मर्यादेबाहेरचा एखादा आकडा दिसणे म्हणजे रोगनिदान नव्हे. त्याचप्रमाणे सर्व आकडे मर्यादेत असणे म्हणजे निरोगी असल्याचा दाखलाही नव्हे. छातीत दुखणे, धाप लागणे, भोवळ येणे अशी लक्षणे असतील, तर तक्ता काहीही सांगत असला तरी तातडीने डॉक्टरांकडे जाणे आवश्यक असते.

रक्तदाब दाखवणारी काही घड्याळे दंडावर पट्टा बांधून मोजणाऱ्या यंत्राशी वेळोवेळी जुळवून घ्यावी लागतात. सॅमसंगच्या बाबतीत ही मुदत २८ दिवसांची आहे. अशा नोंदींसोबत जुळवणीचा दिनांक लिहावा. रक्तशर्करेच्या बाबतीत अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये इशारा दिला की, त्वचेला न टोचता स्वतःच रक्तशर्करा मोजण्याचा दावा करणारी घड्याळे किंवा अंगठ्या वापरू नयेत; अशा कोणत्याही उपकरणाला त्या संस्थेने तोवर मान्यता दिलेली नव्हती. चुकीच्या आकड्यावर विसंबून मधुमेही व्यक्तीने औषधाची मात्रा बदलली, तर जीवावर बेतू शकते. म्हणून असा स्तंभ तक्त्यात घेऊच नये.

डॉक्टरांना हजारो ओळींची फाइल देण्यापेक्षा एका पानाचा गोषवारा उपयोगी पडतो. त्यात कालावधी, घड्याळाचा प्रकार, आठवड्यांच्या सरासऱ्या, ठळक बदल आणि त्या दिवसांचे खुलासे असावेत.

गोपनीयता आणि कायदा

निर्यात केलेली फाइल अ‍ॅपच्या संरक्षणाबाहेर गेलेली असते. ती फोनच्या डाउनलोड फोल्डरमध्ये, ईमेलमध्ये किंवा सायबर कॅफेच्या संगणकावर राहून जाऊ शकते. व्यायामाच्या मार्गांतून राहते घर, कामाची जागा आणि ये-जा करण्याची वेळ कळते. स्ट्राव्हा या सेवेने प्रसिद्ध केलेल्या जागतिक नकाशात लष्करी तळांवरील हालचाली दिसत असल्याचे जानेवारी २०१८ मध्ये उघड झाले होते. त्यामुळे तक्ता इतरांना देताना मार्गांच्या फाइली काढून टाकणे, केवळ आवश्यक स्तंभ ठेवणे आणि गूगल शीट्सचा दुवा सर्वांसाठी खुला न ठेवणे ही किमान काळजी मानली जाते. एक्सएमएल फाइलीचे रूपांतर करून देणाऱ्या अनोळखी संकेतस्थळावर संपूर्ण फाइल चढवणे म्हणजे आपली आरोग्यविषयक माहिती तिऱ्हाइताच्या हाती देणे होय.

युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या नियमावलीच्या कलम २० नुसार व्यक्तीला आपली माहिती संगणकाला वाचता येईल अशा स्वरूपात मिळवण्याचा आणि दुसऱ्या सेवेकडे नेण्याचा हक्क आहे. भारतात २०१९ च्या वैयक्तिक विदा संरक्षण विधेयकात असा हक्क प्रस्तावित होता, परंतु ते विधेयक २०२२ मध्ये मागे घेण्यात आले. त्यानंतर संमत झालेल्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण अधिनियम, २०२३ मध्ये आपल्या माहितीचा गोषवारा मिळवण्याचा, ती दुरुस्त करून घेण्याचा व पुसून टाकण्यास सांगण्याचा हक्क आहे. ती दुसरीकडे नेण्याचा स्वतंत्र हक्क मात्र नाही.

परिणामी, भारतातील वापरकर्त्याला आपल्या नोंदी वापरण्याजोग्या फाइलीत मिळतात की नाही, हे बव्हंशी कंपनीने दिलेल्या सोयीवर अवलंबून असते. घड्याळ घेण्यापूर्वी त्याच्या अ‍ॅपमध्ये निर्यातीचा पर्याय आहे का, फाइल कोणत्या स्वरूपात मिळते आणि खाते बंद केल्यावर नोंदींचे काय होते, हे तीन प्रश्न म्हणूनच महत्त्वाचे ठरतात. वापर सुरू झाल्यावर दर तीन महिन्यांनी एकदा निर्यात करून मूळ फाइल जपून ठेवल्यास घड्याळ हरवले किंवा सेवा बंद पडली, तरी तोवरच्या नोंदी वापरकर्त्याकडे राहतात.